सुई कुठे थांबवायची

वडिलांची सही बँकेत जुळेनाशी झाली, तेव्हा आमच्या घरात त्यांच्या हाताबद्दल पहिल्यांदा उघड बोलणं झालं. हात त्याआधी दहा-बारा वर्षं कापतच होता. चहाचा कप त्यांना अर्धाच भरून द्यायचा, पंगतीत वरणाची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायची, असं आईनं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. गावाकडे काहीजण विचारत, ‘हात लई कापतेत, घेतेत का काय?’ ज्यांना तसं विचारणं बरं वाटत नसे ते म्हणत, कंपवात असणार. दोन्ही खोटं होतं. छत्रपती संभाजीनगरला न्यूरोलॉजिस्टनी त्यांना हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायला सांगितलं, मग बोट नाकाला लावायला सांगितलं, मग कागदावर उदबत्तीच्या वेटोळ्यासारखं एक वेटोळं काढायला लावलं. वेटोळ्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली. आजाराचं नाव निघालं एसेन्शियल ट्रेमर.

वडिलांचं गोळ्यांवर भागलं. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. पण त्या निमित्तानं मी वाचायला लागलो आणि एका प्रश्नाशी थबकलो. मेंदूचे शल्यविशारद सत्तरएक वर्षं तो एकमेकांना विचारत आले आहेत: कंप थांबवायला मेंदूत सोडलेली सुई नेमकी कुठे थांबवायची? डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूच्या खोल भागात बारीक तार बसवून तिच्यातून विजेचे ठोके देण्याची शस्त्रक्रिया, या एका प्रश्नावर तरते किंवा बुडते. वरवर पाहता हा तंत्राचा प्रश्न आहे. परभणीतून पाहिलं तर त्याच्या उत्तरावर माणसाला मुंबई-पुण्याच्या किती खेपा घालाव्या लागतील हेही ठरतं. म्हणून हा आढावा.

आधी आजाराबद्दल थोडं. एसेन्शियल ट्रेमरमध्ये हात काम करताना कापतो. पेला उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना. स्वस्थ ठेवलेला हात सहसा शांत असतो. पार्किन्सनमध्ये, ज्याला आपण कंपवात म्हणतो त्यात, बरंचसं उलटं असतं: हात निवांत असताना कंप दिसतो, शिवाय हालचाल मंदावते, अंग ताठरतं. एसेन्शियल ट्रेमरचा कंप सेकंदाला साधारण ४ ते १२ झोक्यांचा. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या घरात आधीच्या पिढीतही कुणाचा तरी हात कापत असतो. पुष्कळांचा कंप थोड्या दारूनं तासाभरासाठी निवतो आणि नंतर जोरानं परततो. त्यामुळे गावाचा संशय बळावतो आणि काही बिचारे खरोखरच त्या वाटेला लागतात.

सगळ्या वयांची माणसं धरली तर शंभरात एकाच्या आसपास आणि पासष्टीपुढे शंभरात चार-पाच जणांना हा आजार असतो असं जगभरच्या पाहण्या सांगतात. आपल्याकडे डॉ. एडी भरुचा, डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन कंपाच्या रुग्णांची मोजणी केली होती. तिथेही एसेन्शियल ट्रेमर पार्किन्सनपेक्षा कितीतरी जास्त आढळला. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. जगाचं प्रमाण इथे लावलं तर जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत असे हात हजारोंनी निघावेत. त्यातले बहुतेक दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत, कारण म्हातारपणी हात कापायचाच अशी समजूत आहे.

प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही दोन जुनी औषधं. दमा असलेल्याला पहिलं चालत नाही, दुसऱ्यानं सुरुवातीला फार गुंगी येते. शंभरातल्या तीस ते पन्नास जणांना या औषधांनी पुरेसा आराम मिळत नाही. ज्यांचा कंप तीव्र आहे, ज्यांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो.

कंपाचा झोका जिथे फिरत राहतो ती वाट बऱ्यापैकी माहीत आहे. लघुमेंदूच्या पोटात डेंटेट नावाचं केंद्रक आहे. तिथून निघालेले तंतू वर चढतात, मध्यमेंदूत बहुतांशी बाजू बदलतात, लाल केंद्रकाच्या अंगानं पुढे येतात, सबथॅलॅमिक केंद्रकाच्या मागून जातात आणि थॅलॅमसच्या ‘व्हेंट्रल इंटरमीडिएट’ भागात शिरतात. डॉक्टरांच्या बोलण्यात हा भाग नुसता ‘व्हिम’ असतो. व्हिमकडून पुढचा निरोप मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालींच्या पट्ट्याकडे जातो. पाथरी-मानवतच्या शेतकऱ्याला हे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरून सांगता येईल. मुख्य कालवा एकटा वाहत येतो, मग त्याच्या वितरिका होतात, वितरिकांच्या चाऱ्या होतात आणि पाणी रानात पसरतं. लघुमेंदूतून येणारा तंतूंचा जुडगा हा कालवा, आणि व्हिम म्हणजे चाऱ्या फुटून पाणी पसरतं ते रान. दार कुठे बसवायचं, कालव्यावर की रानात? या विषयातला गेल्या पंचवीस वर्षांचा वाद जवळजवळ सगळा या एका वाक्यात मावतो. उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगतो. वीज वाट बंद करत नाही. ती त्या वाटेवरचा बिघडलेला ताल मोडते.

सुरुवात मात्र रानापासून झाली. फिलाडेल्फियात स्पीगेल आणि वायसिस यांनी १९४७ साली माणसाच्या डोक्यावर धातूची चौकट बसवून मेंदूत मोजूनमापून सुई नेण्याची पद्धत सुरू केली. दोन वर्षांनी स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी आपली चौकट मांडली. तिचे वंशज आजही शस्त्रक्रियागृहात दिसतात. जर्मनीत फ्रायबर्गला हॅस्लर यांनी थॅलॅमसची बारीक वाटणी करून नावं दिली. व्हिम हे नाव त्यातलंच. पॅरिसमध्ये गियो आणि आल्ब-फेसार यांनी १९६०च्या दशकात तिथे बारीक इलेक्ट्रोड घालून पेशींचा आवाज ऐकला, तेव्हा हाताच्या कंपाच्या ठेक्यावर ठोके देणाऱ्या पेशी सापडल्या. त्या काळी तो भाग जाळून कंप थांबवत. आपल्याकडे बंगळुरूला डॉ. मार्तंड वर्मा यांनी कवटीच्या तळाच्या छिद्रातून थॅलॅमसपर्यंत सुई नेण्याची स्वतःची पद्धत बसवली होती. मद्रासला डॉ. रामामूर्ती आणि डॉ. बालसुब्रमण्यम यांचं केंद्र या शाखेत नावाजलेलं होतं. पुढे पार्किन्सनवर एल-डोपा आलं आणि या शस्त्रक्रिया मागे पडल्या.

जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे पाहायला शल्यविशारद तिथे थोडी वीज सोडत. वेगानं ठोके दिले की कंप तिथल्या तिथे थांबतो, हे अनेकांनी पाहिलं होतं. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे बेनाबिद आणि पोलाक यांनी १९८७ साली त्या तपासणीलाच उपचार केलं. दोन्ही बाजूंचा थॅलॅमस जाळला तर बोलणं बिघडण्याचा मोठा धोका असतो. त्यांनी एक बाजू जाळली आणि दुसरीकडे कायमची तार ठेवली. सेकंदाला शंभराहून जास्त ठोके, पुढे रुळलेला आकडा १३०. अमेरिकेनं १९९७ साली कंपासाठी या उपचाराला परवानगी दिली. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी त्याच सुमारास, शतक संपता संपता, हे काम सुरू केलं. मराठी माणसासाठी हा उपचार तेव्हापासून आगगाडीच्या टप्प्यात आला.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. व्हिम दिसत नाही.

वाचणाऱ्याला हे अजब वाटेल, मलाही वाटलं होतं. नेहमीच्या एमआरआयमध्ये थॅलॅमस हा एक करडा गोळा दिसतो. त्यातली केंद्रकं एकमेकांपासून वेगळी उमटत नाहीत. मग जागा ठरवायची कशी? तर गावात नव्या माणसाला पत्ता सांगतात तशी, दिसणाऱ्या खुणांवरून. मेंदूच्या मध्यावर तंतूंच्या दोन आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, एक पुढची, एक मागची. त्यांना जोडणारी रेघ सरासरी अडीच सेंटिमीटरची. मागच्या पट्टीपासून या रेघेच्या चौथ्या हिश्शाएवढं, म्हणजे सहाएक मिलिमीटर पुढे यायचं. मध्यरेषेपासून बाजूला चौदाएक मिलिमीटर जायचं. रेघेच्या पातळीला तारेचं टोक ठेवायचं. झाला व्हिमचा पत्ता.

पण हा पत्ता सरासरी मेंदूचा आहे. शाल्टेनब्रांडच्या ज्या नकाशावरून पिढ्यान्‌पिढ्या मोजमाप होत आलं, तो मोजक्या मृत मेंदूंच्या कापांवरून काढलेला. म्हातारपणी मेंदूमधली पाण्याची पोकळी रुंदावते आणि थॅलॅमस बाहेरच्या बाजूला सरकतो. एसेन्शियल ट्रेमरचे शस्त्रक्रियेला येणारे रुग्ण बहुतेक त्याच वयाचे. म्हणून अनुभवी शल्यविशारद मध्यरेषेऐवजी पोकळीच्या भिंतीपासून अकराएक मिलिमीटर मोजतात. शिवाय व्हिममध्ये शरीराची मांडणी आहे: चेहरा आतल्या बाजूला, हात मधे, पाय बाहेर. हात कापतो म्हणून आलेल्या माणसाची तार दोन मिलिमीटर बाहेर गेली तर ती पायाच्या मुलखात पडते.

शेजारही अवघड आहे. मागे लागूनच स्पर्शाचं केंद्रक आहे. तिथे वीज गेली तर बोटांना, ओठांना मुंग्या येतात. बाहेरच्या अंगाला अंतर्पुटाचे तंतू आहेत, तिथे वीज पोचली की चेहरा ओढला जातो, जीभ जड होते. आत आणि खाली गेलं तर तोल जातो. तार सव्वा मिलिमीटर जाडीची. जुन्या तारेवर दीड-दीड मिलिमीटर लांबीचे चार संपर्कबिंदू, आणि एवढ्यात सगळं भागवायचं. चौकटीच्या मदतीनं आज दीड-दोन मिलिमीटरच्या आत अचूकता साधते खरी, पण कवटीला छिद्र पाडल्यावर मेंदूभोवतीचं पाणी गळतं, हवा शिरते आणि मेंदू स्वतःच जरासा खाली बसतो. सकाळी काढलेला पत्ता दुपारी किंचित हललेला असतो.

म्हणून रुग्णाला जागं ठेवतात. भूल दिली की कंपच नाहीसा होतो, मग तपासणार काय? डोक्याला चौकट घट्ट बसवलेला माणूस टेबलावर पडल्या पडल्या कागदावर वेटोळं काढतो, रिकामा पेला ओठांशी नेतो. तार बरोबर जागी आली की रेघ गुळगुळीत होते. कधी कधी वीज सोडायच्याही आधी, नुसती तार आत शिरल्यानंच कंप थांबतो. तो परिणाम काही दिवसांत ओसरतो, म्हणून त्याच्यावर फार भरवसा ठेवत नाहीत. आता चांगल्या प्रतिमांच्या जोरावर पूर्ण भूल देऊन ही शस्त्रक्रिया करणारेही आहेत. ज्याला तासन्‌तास जागं पडून राहणं सोसत नाही त्याच्यासाठी ती सोय मोलाची आहे. तरी माझं मत जागेपणीच्या तपासणीकडे झुकतं. न दिसणाऱ्या जागेचा सगळ्यात भरवशाचा पुरावा रुग्णाचा स्वतःचा हात देतो.

कालव्यावर दार बसवण्याची कल्पनाही तशी जुनी आहे. मेक्सिकोच्या वेलास्को यांनी १९७०च्या दशकात थॅलॅमसच्या खालच्या तंतूंवर काम केलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे गिल आणि प्लाहा, स्वीडनमध्ये उमेओचे ब्लुमस्टेट यांनी तारेचं टोक व्हिमच्या खाली-मागे नेलं, सबथॅलॅमिक केंद्रकाच्या पाठीमागच्या पट्टीत. तिला पश्च सबथॅलॅमिक प्रदेश म्हणतात. तिथल्या करड्या पट्टीचं नाव झोना इन्सर्टा, म्हणजे अनिश्चित प्रदेश. फोरेल या स्विस शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ते नाव दिलं, कारण त्या जागेबद्दल खात्रीनं काहीच सांगता येत नव्हतं. या जागेचे दोन फायदे. एक, लाल केंद्रक आणि सबथॅलॅमिक केंद्रक एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतात, त्यामुळे दोघांच्या मधली ही जागा त्या माणसाच्या स्वतःच्या मेंदूत डोळ्यांनी पाहून ठरवता येते, सरासरीच्या नकाशावरून काढावी लागत नाही. दुसरा, इथे तंतू अजून एकवटलेले असतात. कमी विजेत जास्त तंतूंपर्यंत पोचता येतं.

तुलना कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात किचकट, कारण एका माणसाला दोन्ही जागा कशा द्यायच्या? जर्मनीत कोलोनच्या बार्बे आणि सहकाऱ्यांनी ते साधलं. एकाच तारेचे वरचे बिंदू व्हिममध्ये आणि खालचे पश्च सबथॅलॅमिक प्रदेशात येतील अशी वाट त्यांनी निवडली. मग रुग्णाला आणि तपासणाऱ्याला न सांगता आळीपाळीनं वरचे आणि खालचे बिंदू चालू केले. २०१८ साली निष्कर्ष आला: खालची जागा कंपासाठी निदान तितकीच चांगली, आणि तिथे वीज कमी लागते. रुग्ण थोडे होते हे विसरता येत नाही. पण एकाच माणसात केलेली तुलना म्हणून मला ती मोठ्या, सैल पाहण्यांपेक्षा जास्त पटते.

दरम्यान फ्रायबर्गच्या कूनन यांनी, हॅस्लर यांच्याच गावात, तिसरी वाट धरली. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या एमआरआयनं त्या रुग्णाचा तंतूंचा जुडगाच रंगवून काढायचा आणि तारेचं टोक त्यावर ठेवायचं. ट्रॅक्टोग्राफी म्हणतात ती हीच. इथे जरा सांभाळून राहावं असं मला वाटतं. संगणकानं काढलेली रंगीत दोरी म्हणजे खरा तंतू नव्हे, तो एक अंदाज आहे. हे तंतू मध्यमेंदूत बाजू बदलतात तिथे दुसऱ्या वाटा आडव्या येतात, आणि साधी गणिती पद्धत नेमकी तिथे चकते. ती बाजू न बदलणारे थोडे तंतूच दाखवते. चित्र सुरेख दिसतं म्हणून त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. तरीही दिशा बरोबर आहे. बर्लिनच्या अल-फतली, हॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३६ रुग्णांच्या तारा कुठे आहेत आणि कुणाला किती गुण आला याचा मेळ घातला. सगळ्यात जास्त फायद्याची जागा व्हिमच्या खालच्या काठावर निघाली, खालच्या पश्च प्रदेशात उतरणारी. म्हणजे दोन्ही पक्ष एकाच कालव्याच्या काठावर उभे होते, थोडे वर आणि थोडे खाली.

मग वाद मिटला का? पूर्ण नाही. काही वर्षांनी अनेकांचा गुण ओसरतो. आजार वाढतो म्हणून, मेंदू विजेला सरावतो म्हणून, की तार मुळातच चुकल्या जागी होती म्हणून, हे एकेका रुग्णात ओळखणं कठीण असतं. गुण कमी झाला की वीज वाढवतात, वीज वाढली की ती शेजारी सांडते, बोलणं अडखळतं, चाल झोकांड्या खाते. दोन्ही बाजूंना तारा असतील तर हे जास्त. नव्या तारांचे बिंदू तुकड्यांत विभागलेले असल्यानं वीज एका दिशेला वळवता येते, मिलिमीटरभराची चूक त्यानं सावरते. तीन मिलिमीटरची सावरत नाही.

परभणीचा हिशेब इथे सुरू होतो. शस्त्रक्रिया हा या उपचाराचा लहान भाग आहे. गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या यंत्राची विजेची मात्रा नंतर महिनोन्‌महिने जुळवावी लागते. ते प्रोग्रामिंग मोठ्या शहरातच होतं. रात्रीच्या देवगिरीनं मुंबईला उतरायचं, दिवसभर दवाखाना, पुन्हा रात्रीची गाडी, सोबतीला मुलगा किंवा जावई, त्याचा रोज बुडालेला. तार नेमकी बसली असेल तर अशा दोन-तीन खेपांत भागतं. जरा बाजूला असेल तर बिंदू बदलत, मात्रा बदलत खेपांना अंत राहत नाही. चार्ज न होणारं यंत्र तीन ते पाच वर्षांत संपतं. जास्त वीज ओढणाऱ्या जागी त्याहून लवकर. नवीन यंत्राला पुन्हा लाखांत खर्च. कमी विजेत काम करणारी जागा हा म्हणूनच इथे पैशाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत २०२१ पासून काही यंत्रांचं प्रोग्रामिंग दूरवरून करायला मान्यता आहे. आपल्या जिल्ह्यांना त्याची गरज तिथल्यापेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती तालुक्याच्या गावीच घडू शकते. मेंदूत तार असलेल्या माणसाला गुडघे किंवा पाठ दुखते म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक कधीही देऊ नये. ती ऊर्जा तारेतून मेंदूत पोचते आणि जीवघेणी ठरते.

अंतर हिशेबात धरलं की जाळण्याची जुनी शस्त्रक्रियाही पुन्हा विचारात घ्यावीशी वाटते. अ‍ॅमस्टरडॅमच्या २०००च्या, जाळणं आणि वीज यांची तुलना करणाऱ्या चाचणीत ६८ रुग्ण होते, त्यांतले एसेन्शियल ट्रेमरचे फक्त १३. कंप दोन्ही पद्धतींत थांबला, पण विजेच्या बाजूला दुष्परिणाम कमी आणि रोजची कामं जास्त सुधारली. त्यावरून जाळणं कालबाह्य ठरलं. मात्र त्या तुलनेतले रुग्ण दवाखान्यापासून साडेपाचशे किलोमीटरवर राहत नव्हते. कवटी न उघडता ध्वनिलहरींनी व्हिम जाळण्याच्या पद्धतीची ७६ रुग्णांवरची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी हाताचा कंप सरासरी ४७ टक्के उतरला होता. तिथे बॅटरी नाही, प्रोग्रामिंग नाही, आणि झालेली चूक मागे घेता येत नाही. लक्ष्याचा प्रश्न तिथेही तोच आहे: डाग थोडा खाली उतरला तर चाल बिघडते. जमिनीच्या एका तुकड्यावर जगणाऱ्या, एकाच हाताच्या कंपानं गांजलेल्या माणसाला एका खेपेत होणारा उपचार सुचवणं कमी दर्जाचं आहे, असं मला वाटत नाही. ती निवड त्याच्यापुढे मांडली जावी.

त्याआधी निदान बरोबर हवं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार दोन्ही हातांचा, कामाच्या वेळचा, निदान तीन वर्षांचा कंप, बाकी मज्जाविकाराच्या खुणा नाहीत, तर तो एसेन्शियल ट्रेमर. मान वाकडी ओढणारा डिस्टोनियाचा कंप यात मिसळला, तर तारेची जागाच बदलू शकते. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एक कोरा कागद आणि पेन एवढ्यावर ही छाननी होऊ शकते: वेटोळं काढून घ्यायचं, तारीख टाकायची, दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून घ्यायचं. पुढे कुणाला शस्त्रक्रियेला जावंच लागलं, तर मुंबईच्या डॉक्टरांच्या टेबलावर त्याच्या हाताचा पाच वर्षांचा इतिहास असेल. व्हिम आणि पश्च सबथॅलॅमिक प्रदेश यांच्या ज्या तुलना मी वाचल्या, त्यांच्या तक्त्यांत कंपाचे गुण होते, विजेची मात्रा होती, दुष्परिणाम होते. रुग्णाला घरापासून दवाखान्यापर्यंत किती वेळा यावं लागलं, हा रकाना त्यांत कुठेच नव्हता.